पाचही पाहिल्यावर

वर्सोव्यात राहणाऱ्या माणसाला चित्रपटाबद्दल मत नसणे कठीण आहे. यारी रोडवर चहा प्यायला उभे राहावे तर शेजारचा मुलगा नुकताच ऑडिशन देऊन आलेला असतो. आराम नगरच्या बैठ्या बंगल्यांत कास्टिंगची ऑफिसे आहेत आणि त्यांच्या दारात सकाळपासून पोरे फोटो घेऊन उभी असतात. रिक्षावाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत प्रत्येकाला ठाऊक असते की यंदा बक्षीस कोणाला मिळायला हवे होते आणि ते कोणी हाणून पाडले. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेतले शिक्षक. आमची स्टाफरूमही याला अपवाद नाही. मुलांचे पेपर तपासता तपासता आम्ही चित्रपटांनाही नंबर देत आलो आहोत.

आमच्यापैकी तिघे २००२ साली स्वतः शाळेत शिकत होते. त्या वर्षी आशुतोष गोवारीकर यांचा 'लगान' ऑस्करच्या परभाषी चित्रपटांच्या विभागात शेवटच्या पाचांत आला होता. १८९३ सालचे चंपानेर, भुवन, कचरा, इस्माईल, सगळे आम्हांला पाठ होते. क्रिकेट आणि क्रिकेटमध्ये इंग्रजांचा पराभव, मुलांना आणखी काय हवे! २४ मार्चला अमेरिकेत सोहळा झाला आणि बक्षीस बोस्नियाच्या 'नो मॅन्स लँड'ला गेले. त्यानंतर शाळा भरली तेव्हा वर्गात एकच गलका होता. नाइन्साफी झाली, गोऱ्यांनी मुद्दाम हरवले. ते दिवस चांगले नव्हते. गुजरातच्या बातम्या रोज घरात येत होत्या, मोठी माणसे टीव्हीचा आवाज कमी करून बसत होती. 'लगान'च्या संघात इस्माईल आणि कचरा एकाच बाजूने खेळतात, याचे आमच्या घरांत अप्रूप होते. म्हणूनही असेल, पण तो पराभव आम्हांला जरा जास्तच लागला. आता आठवले की हसू येते. 'नो मॅन्स लँड'चे एक दृश्यसुद्धा आमच्या वर्गात कोणी पाहिलेले नव्हते. आणखी तीन चित्रपट रांगेत होते, हेही कोणाला माहीत नव्हते. पाचांतला एक पाहून आम्ही पाचांचा निकाल लावला होता.

मोठ्यांचेही फारसे वेगळे नसते. मेहबूब खान यांचा 'मदर इंडिया' १९५८ साली याच विभागात होता आणि फेलिनी यांच्या 'नाइट्स ऑफ कॅबिरिया'ला बक्षीस मिळाले. 'मदर इंडिया' एका मताने हरला, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या एका सरांनी तर ही गोष्ट सांगताना बोट वर करून दाखवले होते, एक मत, फक्त एक! खरी गोष्ट अशी की ऑस्कर देणारी अकादमी कोणाला किती मते पडली हे जाहीर करत नाही. मग ते एक मत मोजले कोणी? पण ही गोष्ट सांगताना सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही बरे वाटते. आपण कमी पडलो नाही, कोणीतरी एक माणूस गैर वागला, एवढे त्यातून निघते. 'कॅबिरिया' कसा आहे, हे विचारण्याची गरज उरत नाही.

२०२५ च्या एप्रिल महिन्यात अकादमीने नवा नियम जाहीर केला. शेवटच्या फेरीत ज्या विभागात मत द्यायचे आहे त्या विभागातले नामांकन मिळालेले सगळे चित्रपट सभासदाने पाहिलेले असले पाहिजेत. अकादमीच्या स्वतःच्या व्यवस्थेवर पाहिले तर त्याची नोंद होते. बाहेर कुठे पाहिले असतील तर कधी आणि कुठे, ते फॉर्मवर लिहून द्यायचे. ही बातमी वाचून आमची स्टाफरूम हसली. म्हणजे आजवर न पाहताच मते पडत होती की काय? काही विभागांत, पाहिलेच पाहिजे असे बंधन नव्हते हे खरे. गंमत म्हणजे २००२ साली परभाषी चित्रपटांच्या विभागात हे बंधन होते. पाचही चित्रपट खास खेळांना जाऊन पाहिलेल्या सभासदांनाच तेव्हा मत देता येत होते. म्हणजे ज्या निकालाला आम्ही नाइन्साफी म्हणालो, तो लावणाऱ्यांनी निदान पाचही चित्रपट पाहिले होते. न पाहणारे होतो ते आम्ही.

हसणे ओसरल्यावर विज्ञानाचे सर म्हणाले, "आपणही तो नियम स्वतःला लावून पाहू या. २००२ चे पाचही पाहू. मग बोलू."

अशी ती सुरुवात. मे महिन्याच्या सुट्टीत पाच शनिवार आम्ही पाच जण जमलो. आमच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाई वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या. त्यांच्या घराच्या माडीवर भिंतीला पांढरी चादर लावली, एका विद्यार्थ्याच्या वडिलांकडून प्रोजेक्टर आणला. खिडकीतून बांबूवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता आणि पंखा फिरण्यापेक्षा आवाजच जास्त करत होता. आमच्यात सर्वांत वडीलधाऱ्या उर्दूच्या आपा. त्यांना इंग्रजी येते, पण पडद्यावर पळणाऱ्या ओळी वाचण्याइतक्या वेगाने येत नाही. त्यामुळे आमच्यातला एक जण त्या ओळी उर्दूत सांगत असे. दुसऱ्या शनिवारी आपांनी विचारले, "बेटा, तो माणूस एवढा वेळ बोलला आणि तू दोनच शब्द सांगितलेस. बाकीचे काय केलेस?" उत्तर नव्हते. बोलणारा बोस्नियन, खालच्या ओळी इंग्रजी, सांगणारा उर्दूत सांगतोय, आणि गुण देणार आपा. आमच्या शाळांतली मुले पुढे कॉलेजात जातात तेव्हा त्यांच्याबाबतीत असेच होत असणार, हे तेव्हा मनात आले. पण तो विषय मोठा आहे, इथे नको.

'लगान' आम्ही पुन्हा पाहिला. पावणेचार तासांचा. कचरा गोलंदाजीला येतो तेव्हा आम्ही पुन्हा टाळ्या वाजवल्या, याची लाज नाही. पण या वेळी हेही दिसले की इंग्रज अधिकारी वाईट आहे एवढेच त्याच्याबद्दल कळते. तो वाईट का, याची चित्रपटाला फिकीर नाही. 'अमेली' पॅरिसमधल्या एका मुलीचा. ती लोकांचे लपूनछपून भले करते. देखणा आणि गोड चित्रपट, गणिताच्या सरांना जरा जास्तच गोड वाटला. नॉर्वेचा 'एलिंग' मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्या दोन पुरुषांचा. ऑस्लो शहरात त्यांना एक घर दिलेले असते आणि फोन उचलणे, दुकानात जाणे हीच त्यांची मोठी कामे असतात. 'एलिंग'बद्दल पुढे सांगायचेच आहे.

'नो मॅन्स लँड' लावण्याआधीच एक अडचण झाली. आम्हांला तो आवडायला हवा होता. बोस्निया हा शब्दच आमच्या घरांत वेगळ्या आवाजात उच्चारला जात आला आहे. १९९२ ते १९९५ या काळात तिथे जे झाले त्याच्यासाठी आमच्या मशिदीत दुवा होत असे, हे मोठ्यांकडून ऐकलेले. गणिताचे सर म्हणाले, "आपण पाच गुण ग्रेस आधीच देऊन बसलो आहोत." एका बाजूला 'लगान' आपला, दुसऱ्या बाजूला बोस्निया आपला. आता तरफदारी करायची तरी कोणाची?

दिग्दर्शक दानिस तानोविच हे स्वतः युद्धाच्या काळात बोस्नियाच्या सैन्याबरोबर कॅमेरा घेऊन फिरलेले. त्यांना तरफदारी करण्याचा हक्क होता असे कोणीही म्हटले असते. चित्रपटात एका खंदकात चिकी हा बोस्नियन आणि निनो हा सर्ब अडकतात. तिसरा त्सेरा, चिकीचा सोबती, सुरुंगावर पडून आहे. तो हलला की स्फोट. दोघांत वाद होतो की युद्ध कोणी सुरू केले. चिकीच्या हातात बंदूक असते तेव्हा निनोला म्हणावे लागते, आम्ही सुरू केले. थोड्या वेळाने बंदूक निनोच्या हातात जाते आणि चिकीला म्हणावे लागते, आम्ही. प्रश्न तोच. फक्त बंदूक इकडची तिकडे गेली.

हा प्रसंग आला तेव्हा आम्ही हसलो, आणि मग चूप झालो. आम्ही रोज हातात लाल पेन धरतो. पेन ज्याच्या हातात, उत्तर त्याचे बरोबर. बी.एड.ला आम्हांला शिकवले होते की मूल्यमापनाला वैधता हवी आणि विश्वसनीयता हवी. एकच पेपर दोन परीक्षकांनी तपासला तर गुणांत फार फरक पडू नये. परीक्षेत आम्ही हे पाठ लिहिले आणि गुण मिळवले. चित्रपटाच्या शेवटी शांतिसेनेचे लोक आणि वार्ताहर त्सेराला वाचवल्याचे भासवून निघून जातात. तो तसाच खंदकात पडून राहतो, पाठीखाली सुरुंग. सगळ्यांनी आपापले काम पुरे केल्याचे कागदावर असते.

ते पाहताना आमच्यातल्या दोघांना एकच गोष्ट आठवली आणि ती त्या दोघांनी त्या रात्री माडीवर बाकीच्यांना सांगितली. इथेही सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आंतरशालेय मराठी वक्तृत्व स्पर्धेला आमच्यातल्या दोघांना परीक्षक म्हणून बोलावले होते. एकतीस मुले होती. पंचविसाव्या-सव्विसाव्या मुलापर्यंत पहिले तीन नंबर जवळजवळ ठरले होते. पाहुण्यांना निघायची घाई होती. प्रमाणपत्रांवर सुंदर अक्षरात नावे लिहायची होती आणि ती लिहिणारे गृहस्थ आमच्या कानाशी येऊन नावे मागत होते. एकतिसावी मुलगी उर्दू माध्यमाच्या एका शाळेतली होती, आमच्यासारख्याच एका शाळेतली. ती बोलायला उभी राहिली तेव्हा आम्ही खाली मान घालून नावे सांगत होतो. तिने काय सांगितले, ते आम्हांला आजही सांगता येणार नाही. एवढेच आठवते की तिचा 'ळ' नीट येत होता. आमच्या मुलांना तो सहसा जड जातो.

पण पूर्ण खरे सांगायचे तर केवळ घाई हे कारण नव्हते. ती आपल्यातली आहे, हे आम्हांला तिच्या नावावरून कळले होते. बाकीचे परीक्षक मराठी शाळांतले. आम्ही तिच्याकडे लक्ष देऊन पाहिले, मान डोलावली, आणि तिला वरचा नंबर दिला, तर म्हणतील की उर्दूवाल्यांनी उर्दूवालीला ओढले. ही भीती मनात होती. आम्ही तिच्यावर तरफदारीचा ठपका येऊ नये म्हणून तिच्याकडे पाहिलेच नाही. त्या दिवशी घरी जाताना आम्हांला आपण फार निःपक्षपाती असल्याचे वाटले होते. आपल्या माणसाच्या विरुद्ध जावे लागले तरी इन्साफ सोडू नये, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण आपल्या माणसाला न ऐकताच बाजूला सारावे, असे तर कोणी शिकवले नव्हते. ते आम्ही आमच्या मनाने जोडले.

हे ऐकून मराठीच्या बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आम्ही कोळी लोकही असेच करतो. साहेबासमोर कोळणीची बाजू घ्यायची वेळ आली की आम्हीच आधी गप्प." असेलही. थोड्या असलेल्या माणसांना आपण न्यायी आहोत हे पुनःपुन्हा सिद्ध करावे लागते आणि ते सिद्ध करायला हाताशी सर्वांत स्वस्त माणूस म्हणजे आपलाच.

'नो मॅन्स लँड'ला नंबर देताना विज्ञानाच्या सरांनी तेच केले होते. त्यांनी तो तिसरा ठेवला होता. कारण विचारले तेव्हा म्हणाले, "उगाच कोणी म्हणायला नको." पाच जणांच्या माडीवर, बोंबलांच्या वासात, कोण म्हणणार होते? शेवटी त्यांनी कागद परत घेतला आणि त्याला पहिला नंबर दिला. खरे मत तेच होते.

मग जवळीक म्हणजे दोष का? याचे उत्तर आम्हांला पाचव्या शनिवारी आपांकडून मिळाले असे वाटते, अर्थात त्यांनी ते उत्तर म्हणून दिले नाही. अर्जेंटिनाचा 'सन ऑफ द ब्राइड' लावला होता. ब्युनोस आयरीसमध्ये हॉटेल चालवणारा एक माणूस. त्याच्या आईला अल्झायमर झाला आहे. वडिलांनी तरुणपणी चर्चमध्ये लग्न केले नव्हते, त्यांचा त्यावर विश्वास नव्हता. आईची मात्र ती इच्छा राहून गेलेली. आता म्हातारपणी वडिलांना तिच्याशी चर्चमध्ये लग्न करायचे आहे आणि चर्च म्हणते, तिला समजत नाही, तिची संमती धरता येणार नाही. आपांच्या अम्मींचे शेवटचे काही वर्षे असेच झाले होते. त्या लेकीला ओळखत नसत, पण तिचा हात धरून ठेवत. चित्रपट संपल्यावर आपांनी पहिला नंबर लिहून कागद घडी करून ठेवला. गणिताचे सर म्हणाले, "आपा, ही तर तरफदारी झाली." आपा म्हणाल्या, "त्या बाईने नवऱ्याकडे पाहून हसताना आधी त्याच्या हाताकडे पाहिले, ते तुम्ही पाहिलेत का?" आमच्यापैकी कोणी पाहिले नव्हते. आम्ही तो भाग मागे नेऊन पुन्हा लावला.

तेव्हापासून आम्ही दोन जवळिकी वेगळ्या मानतो. लहानपणी 'लगान' आपला होता म्हणून आम्हांला दुसरे काही पाहायची गरज वाटली नाही. आपांना त्यांच्या दुःखामुळे पडद्यावरचे जास्त दिसले, आणि त्यांनी ते आम्हांलाही दाखवले. एक जवळीक डोळे मिटते, दुसरी उघडते. दोन्हींना एकाच नावाने हिणवणे बरोबर नाही. पण हे ओळखायचे कसे? ज्याला जवळीक आहे त्यालाच विचारावे की तू काय पाहिलेस ते दाखव. दाखवता आले तर ऐकावे. आमच्याकडे याहून चांगली कसोटी नाही. वक्तृत्वाच्या त्या दिवशी आम्ही निदान ऐकले असते तर त्या मुलीचे काय चांगले होते, हे इतर परीक्षकांना दाखवू शकलो असतो. त्यांना 'ळ'चे मोल कुठून कळणार?

२०२४ च्या सप्टेंबरात फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाने ऑस्करसाठी 'लापता लेडीज' निवडला तेव्हा यारी रोडवर फार वाद झाला. पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' पाठवायला हवा होता, कान महोत्सवात ग्रां प्री मिळालेला, मुंबई आणि रत्नागिरीचा चित्रपट, असे एक पक्ष म्हणत होता. दुसरा पक्ष त्याला नाके मुरडत होता. तो चित्रपट मुंबईच्या थिएटरांत आला नोव्हेंबरात. दोन महिने दोन्ही बाजूंनी भांडलेल्यांत आम्हीही होतो, आणि कोणत्या बाजूने होतो ते आता सांगत नाही.

आता आमच्या निकालाचे. ऑस्करचा सर्वोत्कृष्ट चित्रपट निवडताना २०१० च्या सोहळ्यापासून सभासद पसंतीक्रम लिहितात. पहिल्या पसंतीची सर्वांत कमी मते ज्याला, तो बाद होतो आणि त्याची मते त्या मतपत्रिकेवरच्या पुढच्या नावाकडे जातात. निम्म्याहून जास्त मते कोणाला मिळेपर्यंत हे चालते. गणिताच्या सरांना ही पद्धत फार आवडली, म्हणून आम्हीही तीच घेतली. 'लगान'ला पहिल्या पसंतीची दोन, 'नो मॅन्स लँड'ला दोन, 'सन ऑफ द ब्राइड'ला आपांचे एक. 'अमेली' आणि 'एलिंग' बाद. मग आपांचा चित्रपट बाद. त्यांची दुसरी पसंती 'एलिंग', तो आधीच गेलेला, तिसरी 'नो मॅन्स लँड'. तीन विरुद्ध दोन. तेवीस वर्षांनी वर्सोव्याच्या कोळीवाड्यातही बक्षीस बोस्नियालाच गेले. 'लगान'ला मत देणाऱ्यांनी हा निकाल हसत मान्य केला. वर्गात असताना तो मान्य करायला त्यांना कोणी सांगितले असते तर मारामारी झाली असती.

एवढ्यावर हे संपले असते. पण विज्ञानाच्या सरांनी अकादमीसारखा फॉर्म तयार केला होता. प्रत्येकाने लिहून द्यायचे की पाचही चित्रपट पूर्ण पाहिले. फॉर्म पुढे आले तेव्हा दोघांनी पेन खाली ठेवले. 'एलिंग'च्या शनिवारी पंखा बंद पडला होता, सकाळी शाळेत निकालपत्रकांचे काम झाले होते, आणि मध्यंतरानंतर त्यांना झोप लागली होती. एक 'लगान'वाला, एक 'नो मॅन्स लँड'वाला. त्यांची मते रद्द केली तर उरली तीन मते, तीन वेगवेगळ्या चित्रपटांना. आपा म्हणाल्या, "मग त्या बिचाऱ्या दोघांना पुन्हा बोलवा." त्या 'एलिंग'मधल्या दोघांबद्दल बोलत होत्या.

मराठीच्या बाईंनी पंखा दुरुस्त करून घेतला आहे. 'एलिंग' येत्या शनिवारी पुन्हा लावायचा आहे, दुपारी जेवणाआधी.